बोराटी काढायचा हात

साहेब, आमचा पाडा तुम्ही चोरलात. दिवसाढवळ्या, गाडीतून उतरून, गॉगल डोक्यावर सरकवून. आता चोरीचा माल न्यायला पोतं लागतं. ते पोतं मी शिवून दिलं, आणि शिवण कशी सुबक आलीय तेही तुम्हालाच दाखवलं. म्हणून या लिहिण्यात शिव्या दोघांनाही आहेत. तुमच्या तुम्ही घ्या, माझ्या मी घेतो.

मी दिनेश. दापोड्याच्या एका गोदामात पार्सलं चढवतो. नववी नापास. तिथे रिटर्न आलेल्या मालात एकदा पुठ्ठा फाटलेला मराठी शब्दकोश निघाला. गिऱ्हाइकाने परत केलेला, कंपनीलाही नको असलेला. माझ्याच जातकुळीचा, म्हणून घरी आणला. जेवणाच्या सुट्टीत तो वाचून वाचून मी लेखक झालो. माझा जोडीदार भरत मला 'रायटरसाहेब' म्हणतो आणि सगळ्यात जड खोका नेमका माझ्याच खांद्यावर देतो.

आमचा पाडा दिघाशी गावाच्या वरच्या अंगाला. कातकऱ्यांची आठ घरं. दिवाळी झाली की माणसं वीटभट्टीवर जातात, पाऊस तोंडाशी आला की परत येतात. जाताना घरातली सगळ्यात म्हातारी बाई दाराला बोराटी लावते, म्हणजे बोरीची काटेरी फांदी. कुलूप आमच्याकडे नसतं. जिने बोराटी लावली तिच्याच हाताने ती निघायची. दुसऱ्याने हात लावला तर घर रुसतं म्हणतात. मी शब्दकोश वाचलेला माणूस, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण हातही लावत नाही.

गोदामाच्या ड्युटीमुळे मी एकटाच मागे राहतो, रात्री भरतच्या खोलीवर, सुट्टीला पाड्यावर चक्कर. शिमग्याच्या थोडं आधी तुम्ही आलात. नव्या रस्त्याला पाडा आडवा येत होता.

"इथली माणसं उठवायची आहेत," तुम्ही बरोबरच्या माणसाला म्हणालात.

मला राग आला. घर जाणार याचा यायला हवा होता. मला आला शब्दाचा.

"उठवायची म्हणजे? पंगत बसलीय का साहेब?"

तुम्ही हसलात. "बरं, हटवायची. चालेल?"

"हटवतात ती अतिक्रमणं."

"मग तूच सांग, काय म्हणू."

एवढंच तर हवं होतं मला. आयुष्यात पहिल्यांदा कुणी शब्द विचारला होता. मी बांधावर चढून उभा राहिलो. कोंबड्यांना हुसकावतात, म्हटलं, ढोरांना हाकलतात, कुत्र्याला पिटाळतात. गुंडाला हद्दपार करतात. निष्कासन हा सरकारी नोटिशीतला शब्द, तो आमच्या म्हाताऱ्यांच्या तोंडात मावायचा नाही.

"वा. तुम्ही लेखक दिसता."

तूचा तुम्ही झाला आणि मी विरघळलो. गाडीतल्या थर्मासमधला चहा तुम्ही मला कागदी कपात दिलात. तो कप मी आठवडाभर टाकला नव्हता, हेही सांगून टाकतो.

"मग मानाचा शब्द कुठला?" तुम्ही विचारलंत.

"स्थलांतर. पक्षी करतात ते. आमची माणसंही दरवर्षी करतात."

"म्हणजे आपणहून गेलीत?"

"आपणहूनच. आमची माणसं स्वाभिमानी आहेत, साहेब."

"आणि दाराला हे काटे?"

"घराचा निरोप घेतल्याची खूण."

पावसाआधी परत येतात, हे सांगायचं राहिलं. वाक्य तिथेच छान संपत होतं.

होळी झाल्यावर पाड्याच्या तोंडाशी पाटी लागली. 'स्थलांतरित वस्ती. जागा मोकळी.' भरत ती बघून आला आणि म्हणाला, "रायटरसाहेब, तुझा शब्द छापून आला की." साहेब, शपथेवर सांगतो, पहिल्या क्षणाला मला बरं वाटलं. दुसऱ्या क्षणाला 'जागा मोकळी'चा अर्थ लागला.

मी तुमच्याकडे धावलो. हाकलायचं तर नोटीस लागते, म्हणणं ऐकावं लागतं, दुसरी जागा द्यावी लागते, असं सगळं बोललो. तुम्ही शांतपणे म्हणालात, "ते हाकललेल्यांना. ही माणसं तर गेलीत. तुम्हीच म्हणालात. आत कोणी राहत असेल तर दार उघडून दाखवा."

मी पाड्यावर, शेजारच्या तानीकाकीच्या दारासमोर जाऊन उभा राहिलो. आत तिची भाताची कणगी होती, देव होते, चूल होती. एक फांदी बाजूला केली की सगळा पुरावा बाहेर. हात पुढे गेला आणि तिथेच थांबला. गोदामात माझ्या वजनाचा खोका उचलतो मी. बोरीची फांदी उचलली नाही.

खाली जेसीबी आलेला दिसला, तसा वज्रेश्वरीच्या पलीकडे भट्टी आहे, तिकडे निघालो. तानीकाकी चिखल तुडवत होती.

"काकी, चल. घरं पाडतायत."

"आन तू काय करत व्हतास?"

"बोलत होतो."

"त्ये तर नेहमीचाच हाय. काय बोललास?"

सांगितलं. पक्ष्यांचंही सांगितलं. तिने बादलीत पाय धुतले, पदर खोचला.

"लय शिकलास रं दिन्या. आता जरा गप चल."

भट्टीचा शेठ मागून ओरडत होता. तिला ऐकू आलं न्हाय, असं तिने मला वाटेत सांगितलं. बाकीच्या म्हाताऱ्याही मागच्या टेम्पोने निघाल्या.

आम्ही पोचलो तेव्हा कडेची तीन घरं झोपली होती आणि जेसीबी चौथ्याकडे वळत होता. चौथं तिचं. तिने पळापळ केली नाही. दाराशी गेली, बोराटी काढून कुडाला टेकवली, आत शिरली. थोड्या वेळाने छपरातून धूर आला.

जेसीबीवाल्या भैयाने मशीन बंद केलं. फोन कानाला लावला. "साहब, इसमें तो धुआँ निकल रहा है. ... नहीं साहब, चूल्हा जल रहा है, मैं नहीं गिराऊँगा."

तुम्ही आलात. तानीकाकीकडे बघितलंही नाहीत. माझ्याकडे वळलात. "काय लेखक, स्थलांतर केलेला माणूस मोकळ्या जागेत घुसला तर त्याला काय म्हणतात?"

शब्दकोश तोंडपाठ असलेला मी मनात पानं उलटू लागलो.

"अतिक्रमण," तुम्ही म्हणालात. "तुम्हीच शिकवलंत, ते हटवतात. सोमवारी येतो."

गाडी गेल्यावर काकी दारात आली. "दिन्या, काय म्हनत व्हता तो?"

"तू इथे घुसलीस म्हणतो."

"घुसली? मंग येवढं इचार त्याला, मी आली कुठून?"

आता पाच घरांतून धूर आहे. ज्यांची घरं पाडलीत त्या तिघी ढिगाऱ्यात आपापली बोराटी शोधत होत्या. हौसाआजीला तिची सापडली. फांदी मांडीवर घेऊन ती तानीकाकीच्या ओट्यावर बसलीय. खाली ठेव म्हटलं तर म्हणते, कुठं ठेवू, दारच न्हाय. यावरही मला एक वाक्य सुचलं होतं. ते मी गिळलं.

मी लिहायला बसलोय हे काकीला ठाऊक आहे. "पक्षी-बिक्षी घालू नको त्यात," एवढंच म्हणाली. म्हणून तिचा प्रश्न मी हात न लावता इथे ठेवतो, त्या फांदीला लावला नाही तसाच.

सोमवारी मशीन घेऊन येण्याआधी एकटे या, साहेब. गाडी खाली ठेवा. मानाचा शब्द घेऊन येऊ नका, ते सगळे मी देऊन बसलोय. तिच्या दारात उभे राहा आणि तिच्या तोंडावर सांगा: हे घर तिचं नसेल, तर ती आली कुठून?