खडूची खूण

"रोजना हाऊच नखरा शे तुना. उद्यापाईन कोन लाड करी?"

टेबलावर वाकून जीवराम मोटरशी अहिराणीत भांडत होता. धुळ्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात एकतीस वर्षं लॅब असिस्टंट; आज शेवटचा दिवस. पुटपुटत त्याने मोटरचा दांडा, म्हणजे शाफ्ट, चिमटीत धरून जरासा फिरवला. खडूची खूण वर आली.

शेजारी रुची लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसली होती. तिने ऐकलं, आणि न ऐकल्यासारखं केलं. आज तिची एम.टेक.ची तोंडी परीक्षा. आजोबांनी, भिकमचंदशेठनी, लग्नातून या परीक्षेपर्यंतच सूट दिली होती. नापास झाली तर थेट मांडव.

चुंबकाच्या मोटरमध्ये रोटर, म्हणजे आतला फिरता भाग, कुठे आहे हे सांगायला सेन्सर लागतो. तो काढून टाकायचा आणि तारांतल्या विजेवरूनच रोटरची जागा ओळखायची, हा रुचीचा प्रकल्प. मोटर एकदा फिरू लागली की तिचा प्रोग्रॅम बिनचूक ओळखे. थांबलेल्या मोटरच्या तारा मात्र मुक्या. मग प्रोग्रॅम अंदाजाने ढकले, मोटर उलटी उसळून बंद पडे. रिपोर्टात तर पहिल्याच पानावर छापलेलं : जागेवरूनही आपोआप सुरू होते.

शाफ्ट एका ठरावीक जागी ठेवला की ती गुमान चालते, हे वर्षापूर्वी जीवरामला कळलं. तिथे त्याने खडूची रेघ मारली. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, नंतर कुणी विचारलंही नाही. फक्त रुचीचे गाईड योगेंद्र सर दर वेळी म्हणत, "भाऊ, जरा पुसून घ्या बरं." एवढी पुसलेली मोटर अख्ख्या खानदेशात नसेल.

अकराला परीक्षक मॅडम आल्या. जीवरामने फडकं फिरवता फिरवता खूण वर आणली, रुचीने बटण दाबलं. मोटर घुमू लागली.

"छान! बंद करून पुन्हा दाखवा."

जीवराम फडकं घेऊन पुढे.

"अहो, आत्ताच तर पुसली!"

"धूळ लई बसती मॅडम इथं."

"दोन मिनिटांत?"

सर हसले. जरा जास्तच. मोटर सुरू झाली, थांबली.

"आणखी एकदा. आणि भाऊ, तुम्ही बसा हो. आज निरोप ना तुमचा? सर म्हणाले." मॅडमनी स्वतःची खुर्ची पुढे सरकवली.

जीवराम बसेना. खूण खाली, डावीकडे थांबली होती. सर खिडकीबाहेरची बाभूळ बघू लागले.

"एकच हात मारतो मॅडम…"

"भाऊ, बसा," रुची म्हणाली. तिने बटणावरचं बोट काढून घेतलं होतं.

जीवराम खुर्चीच्या कडेला टेकला. फडक्याची चौपदरी घडी करून त्याने मांडीवर ठेवली.

"मॅडम," रुची म्हणाली, "ही आपली आपण सुरू होत नाही. भाऊ करतात."