समुद्रापलीकडचे दादा

इमारतींचे नकाशे काढणाऱ्या त्या छोट्या ऑफिसात बाईंच्या हाताखाली तिघं होती, आणि चौथे दादा समुद्रापलीकडे, दुसऱ्याच देशात. ज्याचं तोंडही नीट पाहिलं नाही त्याच्यावर काम सोपवणं सुरुवातीला बाईंच्या जिवावर आलं होतं. तिथली वीज गेली की इथलं सगळं खोळंबायचं. पण संध्याकाळी पाठवलेलं काम सकाळी तयार मिळू लागलं आणि बाई निर्धास्त झाल्या. दादांचीही सोय झाली. बायको अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे त्यांना घर सोडता येत नव्हतं.

एकदा मात्र दादांनी एका शाळेच्या नकाशात वर्गाचं दार थेट जिन्यावर उघडलं. कंत्राटदाराने बाईंना फोनवर चांगलंच फैलावर घेतलं. बाईंनी तो राग दादांवर काढला.

"लक्ष कुठे असतं तुमचं? उद्या मुलं पडली असती."

"चुकलं माझं, बाई. तुमच्या दुपारपर्यंत दुरुस्त करून देतो."

नकाशा दुपारी आला, बिनचूक.

पुढच्या आठवड्यात फोनवर बोलता बोलता बाईंनी विचारलं, "वहिनी कशा आहेत आता?"

"ती गेली, बाई. तुम्ही रागावलात ना, त्याच्या आदल्या दिवशी."

"अहो, मग सांगायचं नाही का? काम कसलं करत बसलात?"

"कसं सांगायचं तेच कळेना. शेजारच्या टेबलावर असतो तर तुम्हाला चेहऱ्यावरूनच कळलं असतं."

मागे ऑफिसातल्या एकाचे वडील गेले, तेव्हा सगळे त्याच्या घरी जाऊन नुसते बसले होते. आता बाईंनी तिघांना बोलावलं आणि दादांना कॅमेरा लावायला सांगितला. पडद्यावर दाढीचे खुंट वाढलेला माणूस दिसला, बाईंना वाटलं होतं त्याहून बराच म्हातारा. मागे रिकामा पलंग. सगळ्यांत धाकटी म्हणाली, "दादा, जेवलात का?" आणि दादांचा बांध फुटला. बाईंचा हात नकळत पुढे गेला आणि काचेला लागला.

काही महिन्यांनी दादांनी काम सोडलं. त्यांच्याच गावात एका ऑफिसात जागा मिळाली होती.

"काम तुमच्याकडच्याइतकं चांगलं नाही," ते म्हणाले. "पण तिथे माणसं आहेत. बायको होती तोवर घर सुटत नव्हतं. आता घर खायला उठतं."

थांबा म्हणायला बाईंना तोंडच नव्हतं. "जा तुम्ही," त्या म्हणाल्या. "आणि काही झालं तर तिथल्या कुणाला तरी सांगत जा."

दादा हो म्हणाले. मग बाईंनीच आधी फोन ठेवला.