पाठच्या बहिणींची तबकडी

मित्रांनो, मी ग्रामोफोनची एक जुनी तबकडी आहे. लाख आणि दगडाची पूड यांपासून घडवलेली. माझ्या एका बाजूवर थोरलीचं गाणं आहे, दुसऱ्या बाजूवर धाकटीचं. दोघी सख्ख्या बहिणी. माझ्यावर त्या एकमेकींकडे पाठ करून आहेत; पुढे घरातही तशाच राहिल्या.

निमित्त मीच. येणारा-जाणारा धाकटीची बाजू लावायला सांगे आणि थोरली हसून लावी. एका दुपारी, घरात कोणी नसताना, तिने केसांतला आकडा काढून धाकटीच्या गाण्यावर ओरखडे ओढले. धाकटीने ते पाहिले. चकार शब्द काढला नाही. काही दिवसांनी तिनेही आकडा काढला. थोरलीला याचा पत्ताच लागला नाही, कारण त्यानंतर दोघींनी माझं नाव टाकलं. मी कपाटावर धूळ खात पडले.

यंदा घर विकायला काढलं, तेव्हा मला कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं ठरलं. दोघी वेगवेगळ्या रिक्षांनी त्या दुकानात आल्या. दुकानदाराने मला ब्रशने झाडलं आणि म्हणाला, "ओरखड्यांची चिंता सोडा. खटखट कॉम्प्युटर काढून टाकतो. गाणं नव्यासारखं होईल."

"झालं तर मग," धाकटी म्हणाली. "काही जणींची मेहनत फुकट गेली."

थोरलीने ओठ आवळले. टेबलावर स्पिरिटची बाटली होती. ती प्लॅस्टिकच्या तबकड्यांसाठी आहे, लाखेला स्पिरिट लागलं तर ती विरघळते, असं दुकानदाराने आधीच बजावलं होतं. तो जाड सुई आणायला आत गेला. धाकटी पाणी प्यायला बाहेर गेली.

थोरलीने चष्मा काढला नाही पर्समधून. माझ्यावरून बोट फिरवलं. ओरखडे लागले. ही धाकटीचीच बाजू, अशी तिची खात्री पटली. कापसावर स्पिरिट ओतून तिने ती बाजू कडेपासून मधल्या कागदापर्यंत पुसली. कापूस काळा झाला. मला ओरडता येत नाही.

दुकानदाराने सुई टेकवली. नुसती खरखर. त्याने वाकून मधल्या कागदावरचं नाव वाचलं आणि थोरलीकडे पाहिलं.

"ही तर तुमची बाजू होती, मावशी."

"माझ्या बाजूला ओरखडे नव्हते," थोरली म्हणाली.

"होते," दारातून धाकटी म्हणाली. "मी ओढले होते."

मग दुकानदाराने मला उलटवलं. धाकटीचा तरुण आवाज खोलीभर झाला, आणि प्रत्येक फेऱ्याला खट, खट, खट. तो म्हणाला, हे आता काढतो.

"राहू द्या," धाकटी म्हणाली. "हिचं आता या तबकडीवर तेवढंच उरलंय."

थोरलीने मान वर केली नाही.

मित्रांनो, तबकडी हातात घ्याल तेव्हा कडेने धरा. आणि भांडायचं असेल तर तोंडाने भांडा. आमच्या अंगावर तुम्ही जे कोरता, ते आम्ही गाण्यासारखंच जपून ठेवतो.