वजा अठरा

शाळेत त्यांना पुसासर म्हणत. तोंडावर नाही, अर्थात. फळ्यावर मुलाचं गणित चुकलं की कुठे चुकलं ते सर सांगत नसत. मागच्या भिंतीला टेकून नुसतं "पुसा" म्हणत. मग मुलाने सगळं पुसायचं आणि पहिल्या ओळीपासून मांडायचं. पुन्हा चुकलं, पुन्हा पुसा. निम्मी मुलं गणित शिकली आणि निम्मी डस्टर मारायला शिकली, असं स्टाफरूममध्ये बोललं जाई, आणि सरही त्यावर खोखो हसत.

त्यांची लेकही त्याच फळ्यापाशी शिकली. तिला घरी "बाळ" आणि वर्गात "पुसा".

आता सर निवृत्त झाले होते. लेक त्याच शाळेत गणित शिकवत होती, पण तात्पुरती. कायम व्हायचं तर तपासणीसबाईंसमोर एक पाठ घ्यायचा. त्यांचं मत चांगलं पडलं तर नोकरी पक्की, नाहीतर पुन्हा टांगणीला. मुख्याध्यापकांनी मोठ्या प्रेमाने सरांनाही बोलावलं.

"बाबा, तुम्ही नाही आलात तरी चालेल," लेक म्हणाली.

"नुसता बसेन गं. तोंडातून चकार शब्द काढणार नाही."

"नक्की?"

"मी काय लहान आहे?"

लहान असते तर बरं झालं असतं.

*

फळ्यावर:

२क्ष² + १२क्ष + २३

पाठ होता पूर्ण वर्ग करण्याचा. असल्या फलनाचा आलेख म्हणजे वाडग्यासारखा वक्र, हे मुलांना ठाऊक होतं. लेकीने विचारलं, "वाडग्याचा तळ किती उंचीवर आहे? आलेख काढायचा नाही हं. आधी सांगायचं, मग काढून बघायचं."

"जादू आहे का मॅडम?" मधल्या बाकावरून कुणीतरी.

"पुठ्ठा आहे," ती म्हणाली, आणि वर्ग हसला.

तिने पुठ्ठ्याचे दोन चौरस फळ्याला चिकटवले, प्रत्येकाची बाजू क्ष. दोन का? कारण सुरुवातीलाच दोन आहे, २क्ष². मग प्रत्येकाच्या वाट्याला सहा क्षची एक पट्टी आली. तिने पट्टी मधोमध कापली, अर्धी उजवीकडे लावली, अर्धी खाली.

"काय राहिलं?"

"कोपरा!"

"केवढा?"

"तीन बाय तीन!"

कोपरा भरला की मोठा चौरस पुरा होतो, क्ष अधिक तीन बाजूचा. पण भरलेलं आपल्याकडचं नाही, तेव्हा जेवढं भरलं तेवढं वजा करायचं. तिने लिहिलं:

२(क्ष + ३)² − १८ + २३

मागच्या बाकावर बसलेले सर पुठ्ठ्यांकडे बघतच नव्हते. कात्री, गोंद, रंगीत पट्ट्या, हे सगळं त्यांच्या लेखी बालवाडीतलं. त्यांची नजर फळ्यावरच्या ओळींवर. कंसात घातले नऊ, बाहेर काढले अठरा. अरे! नऊ घातले तर नऊच काढायचे ना? पोरगी घाबरली असणार, असं वाटून त्यांचा जीव खालीवर झाला, आणि विचार पुरा व्हायच्या आत तोंड उघडलं.

"पुसा."

लेकीने मागे वळूनही पाहिलं नाही. हात डस्टरकडे गेला. अठरा गेले, नऊ आले. तेविसातून नऊ गेले, चौदा उरले.

२(क्ष + ३)² + १४

शेजारी बसलेल्या तपासणीसबाईंनी मान वळवून सरांकडे पाहिलं. कौतुकाने, असं सरांना वाटलं.

*

"तळ चौदावर," लेक म्हणाली. तिचा आवाज जरा बसला होता. "आता आलेख काढून ताळा घ्या."

पेन्सिली चालल्या. पुढच्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी मान वर करेना. मग तिने केली.

"मॅडम, माझा वाडगा पाचावर बसतोय."

"माझाही पाच!"

"तिचा बघून काढलाय त्याने, मॅडम."

"गप ए!"

"मॅडम," वेण्यांची मुलगी पुठ्ठ्यांकडे बोट करून हळूच म्हणाली, "कोपरे दोन आहेत ना?"

दोन होते. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, हिरव्या कागदाने भरलेले. नऊ आणि नऊ.

सरांची कानशिलं तापली. एवढी वर्षं हेच गणित शिकवलं, झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं की कंसाबाहेरचा दोन आतल्या नवालाही गुणतो. आणि आज, लेकीच्या पाठाला... त्यांनी चष्मा काढला आणि रुमालाने पुसायला घेतला. काचेवर काहीच नव्हतं.

लेकीने वर्गावरून नजर फिरवत मागच्या बाकापर्यंत आणली. चष्मा पुसला जात होता. तिने नजर काढून घेतली.

"तुमचं बरोबर आहे," ती मुलांना म्हणाली. "चूक माझी झाली. दोन कोपरे भरले आणि एकच मोजला."

"मॅडमही चुकतात!" मागून कुणीतरी खुशीत येऊन म्हणालं. सरांना वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

*

पाठ संपल्यावर मुख्याध्यापकांच्या खोलीत चहा आला. तपासणीसबाईंनी लेकीला विचारलं, "तुम्ही आधी अठराच लिहिले होतेत. मग पुसले का?"

तेव्हा सर उठून उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, चूक तिची नाही, माझी आहे. मी मागून बोललो. शब्द देऊनही बोललो."

खोडा हे. असं झालं नाही.

असं झालं: लेक म्हणाली, "गोंधळले मी." सरांच्या हातात कप होता. त्यांनी घोट घेतला. आणि म्हणाले, "मुलं मात्र चलाख आहेत हं."

मुलं मात्र चलाख आहेत हं! एवढंच सुचलं त्यांना. मुख्याध्यापक "हो, हो" म्हणाले. लेक कपातल्या चहाकडे बघत राहिली. तपासणीसबाईंनी सावकाश सांगितलं की पाठ छान बांधला होता, पण मुलांपुढे बरोबर उत्तर पुसून चुकीचं लिहिलं, त्यामुळे यंदा त्यांना शिफारस करता येणार नाही. पुढच्या वर्षी पुन्हा पाहू. लेक "बरं" म्हणाली, उठली, आणि तास आहे म्हणून गेली.

बापाकडे तिने पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित ते बोलले असते, अशी सरांनी मनाशी समजूत घातली, आणि त्या समजुतीचीही त्यांना लाज वाटली.

*

तपासणीसबाई फाटकापाशी पोचल्या तेव्हा सर धापा टाकत मागून आले.

"बाई, एक मिनिट. ते... 'पुसा' मी म्हणालो होतो."

"मला माहीत आहे, सर. मी तुमच्याशेजारीच बसले होते."

"मग? मग तिची काय चूक? तिचं बरोबरच होतं!"

"म्हणून तर," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं. "चुकली असती तर चाललं असतं, आपण सगळेच चुकतो. तिला माहीत होतं की अठरा बरोबर. तरी कुणीतरी मागून म्हणालं आणि तिने पुसलं. का, एवढंही विचारलं नाही. उद्या एखादं पोर बरोबर असेल आणि बाकीचे ओरडतील, तेव्हा ती त्याची बाजू कशी घेईल?"

"ती घेईल."

"घेईलही. मी फक्त पाहिलं ते सांगितलं." त्या थांबल्या. "असं पुसायची सवय एका दिवसात लागत नाही, सर."



*

ते परत वर्गाच्या दाराशी आले. त्याच मुलांचा तास चालू होता. निदान मुलांना तरी सांगावं, असं ठरवून आले होते. मॅडम चुकल्या नव्हत्या, मी चुकलो. एवढं एकच वाक्य.

"येऊ का?" त्यांनी दारातून विचारलं. पुढे काय म्हणावं, बाळ की मॅडम, ते ठरेना. "मुलांना जरा सांगायचं होतं."

लेक वळली. हातात खडू. डोळे लाल होते, पण नजर सरळ.

"आत्ता नाही, बाबा. मी शिकवतेय."

सरांनी मान हलवली, "हो हो, तू चालू ठेव," असं काहीतरी पुटपुटले आणि बाहेर व्हरांड्यात उभे राहिले. जाता आलं असतं. गेले नाहीत.

आतून तिचा आवाज आला. आधी सावरलेला, मग हळूहळू नेहमीचा. "आता तीन चौरस घेऊ. ३क्ष² अधिक १२क्ष. प्रत्येकाच्या वाट्याला किती क्ष?"

"चार!"

"अर्धे?"

"दोन!"

मग कोपरा दोन बाय दोनचा, म्हणजे चार. सरांनी मनातल्या मनात मांडलं. वजा... बारा. की चार? आयुष्यभर ज्याची खात्री होती, त्याची आज खात्री वाटेना. त्यांनी भिंतीला पाठ लावली आणि ती काय सांगते ते ऐकत उभे राहिले.