तळटीप, पान २१२

धाकटीने ‘न’च्या चिठ्ठ्यांची चळत टेबलावर आपटून सरळ केली, तशी एक चिठ्ठी निसटून खाली पडली. ‘न्याय’. पुढे एकच आकडा, २१२, आणि शेजारी तिच्याच हातची खूण: तळटीप.

दुसऱ्यांच्या पुस्तकांना शेवटची सूची करून देणं हा तिचा वीस वर्षांचा उद्योग. कुठला शब्द कुठल्या पानावर, एवढंच. या वेळचं पुस्तक आंतरराष्ट्रीय राजकीय अर्थकारणाच्या सिद्धान्तांवरचं होतं. ‘बाजारपेठ’च्या चिठ्ठीला मागची बाजूही पुरली नव्हती.

“कसलं गं पुस्तक?” पलंगावरून आईने विचारलं.

“कुठला देश कुणाकडून काय घेतो, आणि का. त्याचं.”

“मग आपली ताई असेल त्यात.”

“बघते हं.”

ताई सात वर्षं परदेशात होती, तिथल्या एका आजींना सांभाळायला. ती गेली तेव्हा आई दोन जिने एका दमात चढायची. यंदा ताई महिन्याची रजा घेऊन येणार होती. आईने तिच्या उशीला दोन महिने आधीच धुतलेला अभ्रा घालून ठेवला होता आणि त्या उशीला कुणाला टेकू देत नव्हती.

पुस्तक लिहिणाऱ्या प्राध्यापकांचा फोन आला.

“सर, न्याय एकदाच सापडला. तोही तळटीपेत.”

“असं? मला वाटत होतं, बराच आहे.” पानं चाळल्याचा आवाज आला. “तळटीपेतलं आपण सूचीत घेत नाही ना?”

“नाही घेत.”

“मग काढा, बाई. पुढच्या पुस्तकात बघू.”

माणूस सज्जन होता. सज्जन माणसांचं पुढचं पुस्तक नेहमी न्यायावरच असतं. तिने चिठ्ठी रद्दीच्या डब्यात टाकली.

दुपारी, तिकडच्या आजी झोपल्यावर, ताईचा फोन आला. आईने तो दोन्ही हातांनी धरला.

“आई, आजी पडल्या गं. पाठ दुखावलीय. दुसऱ्या कुणाच्या हातून घासही घेत नाहीत.” मग हळूच, “यंदा नाही जमणार.”

आई त्या उशीकडे बघत राहिली.

“उठवताना एकदम ओढू नकोस,” ती म्हणाली. “आधी कुशीवर वळव, पाय खाली सोड, मग खांद्याला हात दे.”

“हो.”

“आणि तू जेवलीस का?”

फोन ठेवल्यावर आई स्वतः कुशीवर वळली. पाय खाली सोडले. धाकटी खुर्चीतून उठेपर्यंत ती पलंगाची कड धरून बसलीही होती.

धाकटीने पुन्हा दोनशे बारावं पान काढलं. ‘इतरांची काळजी घेण्यासाठी परदेशी गेलेल्यांच्या श्रमाचे मूल्य मोजता येते. त्यांच्या मागे राहिलेल्यांची काळजी कोणी घ्यावी, हा न्यायाचा प्रश्न मात्र प्रस्तुत ग्रंथाच्या कक्षेबाहेरचा आहे.’

“सापडली का ताई?” उशीचा अभ्रा काढता काढता आईने विचारलं.

“सापडली. अगदी तळाशी आहे, बारीक अक्षरांत.”

“तळाशी तर तळाशी. काढू नकोस हं तिला.”

धाकटीने पायाने रद्दीचा डबा जवळ ओढला आणि वाकली.