नाणी कोणी काढली होती?

शहाजीआबांनी उभं आयुष्य वाशीच्या बाजारात कांदा-बटाटा तोलला. तोलणार म्हणून ते निवृत्त झाले आणि जुईनगरच्या फ्लॅटमधलं अर्धं डायनिंग टेबल रोमन नाण्यांनी अडवलं. नाद मात्र जुना. बाजारातल्या एका मसाल्याच्या व्यापाऱ्यानं एका दिवाळीला मिठाईऐवजी काळपट चांदीचं नाणं त्यांच्या हातावर ठेवलं होतं. त्यावर एका बाईचा चेहरा होता. आबांची बायको विजयमाला ते नाणं खिडकीशी नेऊन बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अहो, हिचा अंबाडा बघा. हा घालायला घरात दोन बाया तरी लागत असतील."

ती बाई म्हणजे फाउस्टिना, रोमची सम्राज्ञी, हे त्यांना पुष्कळ उशिरा कळलं. तोवर आबा मुंबईतल्या नाण्यांच्या प्रदर्शनांत जायला लागले होते. लोक सम्राटांची नाणी घ्यायचे. आबा फक्त राण्यांची आणि राजघराण्यातल्या पोरांची घ्यायचे. विजयमाला गेल्यावर त्यांना वाटलं, आता हे कोणाला दाखवायचं?

ती जागा सुनेनं घेतली. सुनयना कराडची. लग्न होऊन आली तेव्हा घरात बोलायला हा एकटा म्हाताराच असायचा. तिचा नवरा रणजीत रबाळ्याच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये होता, आला की जेवून झोपायचा. सुरुवातीला ती सासऱ्यांचं मन राखायला म्हणून बसली. मग तिला त्या झिजलेल्या अक्षरांचा नाद लागला. वर्षभरात ती आबांच्या आधी नाव वाचायला लागली. खिडकीत पांढरा कापडाचा तुकडा अंथरून ती मोबाइलवर नाण्यांचे इतके सुंदर फोटो काढायची, की पुण्याचे, कोल्हापूरचे संग्राहक तिला मेसेज करून विचारायचे, मॅडम, कॅमेरा कोणता?

तिला दिवस गेले होते तेव्हाची एक गोष्ट. आबांनी एक नाणं आणलं होतं. पुढे धाकटी फाउस्टिना, थोरल्या फाउस्टिनाची मुलगी, आणि मागे एका आसनावर बसलेली दोन बाळं.

"जुळे आहेत," आबा म्हणाले. "एक पुढं सम्राट झाला. दुसरा चार वर्षांचा होऊन गेला. हिला डझनावर पोरं झाली बघ, निम्मीसुद्धा जगली नाहीत."

"आणि नाण्यावर काय लिहिलंय? 'काळाचं सुख'." सुनयना हसली नाही. "आबा, सगळ्याच नाण्यांवर सुख, भरभराट, नाहीतर सुफळता. खोटंच की."

"खोटं कसं? पाडलं तेव्हा पोरं होती." मग तिच्या पोटाकडे लक्ष जाऊन ते गडबडले. "जाऊ दे. मी तरी आता तुला काय सांगत बसलोय."

मनस्वी झाली. ती रांगायला लागली त्या आठवड्यात आबांनी स्वतःच नियम घालून दिला. नाण्यांची लाकडी पेटी कपाटाच्या वरच्या कप्प्यात, किल्ली खिळ्याला उंच. पोर जागी असताना पेटी खाली यायची नाही. हा नियम दोघांनी पाळला. रणजीतला तर तो पाळायचा प्रश्नच नव्हता. त्यानं ती पेटी कधी उघडली नव्हती. "आबा, ही भंगारातली मंडळी एखाद्या दिवशी घरात भाडं मागतील," एवढीच त्याची चेष्टा.

मनस्वी पावणेदोन वर्षांची असताना पुण्याच्या एका ओळखीच्या माणसाकडून कुरियर आलं. त्यात थिओडोरा नावाच्या रोमन राणीचं तांब्याचं नाणं होतं, शर्टाच्या मोठ्या बटणाएवढं. मागच्या बाजूला एक उभी बाई, छातीशी बाळ धरलेली. आबांनी ते भिंगातून पाहिलं, सुनयनेला दाखवलं, पेटीत ठेवून कुलूप लावलं आणि दुपारी भाजी आणायला खाली उतरले.

मनस्वी झोपली होती. खिडकीत ऊन चांगलं आलं होतं. सुनयनेला वाटलं, आबा येईपर्यंत फोटो काढून ठेवू, खूश होतील. तिनं किल्ली घेतली, पेटी खाली काढली आणि खिडकीजवळच्या स्टुलावर कापड अंथरून त्यावर थिओडोरा आणि आणखी दोन-तीन लहान नाणी मांडली. चार फोटो झाले असतील, तेवढ्यात बेल वाजली. समोरच्या फ्लॅटमधली मंजुषा होती. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवरून मीटिंग ठरत होती, सही हवी होती. सही करताना बोलणं निघालं. टाकीवरून सेक्रेटरीवर, सेक्रेटरीवरून त्याच्या मेव्हण्यावर. फार नाही, जेवढं दारात उभं राहून कोणीही बोलतं तेवढंच.

सुनयना आत आली तेव्हा मनस्वी स्टुलाजवळ उभी होती. रडत नव्हती. तोंड उघडं होतं आणि त्यातून आवाज येत नव्हता.

सुनयनेनं तिला उलटं केलं, पाठीवर थापट्या मारल्या, घशात बोट घातलं. बोटाला काहीतरी लागलं आणि आणखी आत गेलं. ती पोरीला घेऊन अनवाणी जिना उतरली. गेटपाशी आबा भाजीची पिशवी घेऊन येत होते. पिशवी तिथंच टाकून ते रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि पहिली आली ती रिक्षा अडवली. रिक्षात त्यांनी पोरीला मांडीवर पालथं घेतलं होतं. ओठ निळे झाले होते. सुनयना एकच सांगत होती, "थिओडोरा होती आबा, थिओडोरा." रिक्षावाला मागे वळून बघत होता, त्याला वाटलं पोरीचं नाव असेल.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी पुष्कळ प्रयत्न केले. मग एक तरुण डॉक्टर बाहेर आली आणि आबांच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

रणजीत कंपनीच्या निळ्या शर्टातच आला. पोलिसही आले होते. अशा मृत्यूची नोंद करावी लागते. हवालदार वयस्क होता, आवाज खाली ठेवून बोलत होता. त्यानं वही उघडली.

"नाणी बाहेर कोणी काढली होती?"

सुनयना बाकावर बसली होती. तिनं मान वर केली, ओठ उघडले. आबा तिच्या आणि हवालदाराच्या मध्ये येऊन उभे राहिले.

"मी," ते म्हणाले. "खाली जाताना स्टुलावर तशीच राहिली. म्हातारपण साहेब. ध्यानात राहिलं नाही."

"नाही," सुनयना म्हणाली, पण तिचा आवाज इतका बारीक निघाला की नर्सनं तिला पाणी आणून दिलं.

रणजीतनं बापाकडे पाहिलं. "आबा," तो म्हणाला. एवढंच. मग भिंतीकडे तोंड करून त्यानं कपाळ भिंतीला टेकवलं.

एवढ्या लहान मुलाला जाळत नाहीत. स्मशानाच्या मागच्या बाजूला पुरलं. रणजीतनं स्वतः माती लोटली. आबा पुढे झाले तेव्हा त्यानं त्यांच्या हातातलं फावडं काढून घेतलं.

कराडहून, पाटणहून माणसं आली. येणारी प्रत्येक बाई सुनयनेला कवटाळून रडायची आणि मग दुसऱ्या खोलीकडे बघून दात-ओठ खायची. "पोरीला खाल्लं गं म्हाताऱ्याच्या नादानं." सुनयना प्रत्येक वेळी म्हणायची, "त्यांनी नाही, मी." बायका तिला आणखी घट्ट धरायच्या. "असं मनाला लावून घेऊ नको बाई. आईला असंच वाटतं."

माणसं पांगली तशी रणजीत बापासमोर येऊन बसला. कितीतरी दिवसांनी बसला होता.

"आबा, तुम्ही इथं राहू नका. मी काही करून बसेन."

"बरं," आबा म्हणाले. कुठं जाऊ, असं त्यांनी विचारलं नाही. पेटी त्यांनी मुलापुढं सरकवली. "हिचं तुला वाटेल ते कर."

रणजीतनं ती वाशीच्या खाडीपुलावर नेली आणि लोक निर्माल्य टाकतात तिथून उपडी केली. राण्या, राजपुत्र, विजयमालेनं खिडकीशी धरलेली फाउस्टिना, सगळं चिखलाच्या पाण्यात गेलं. थिओडोरा त्यात नव्हती. ती पोलिसांकडे एका पाकिटात होती आणि ती परत मागायला कोणी गेलं नाही.

आबांनी उरणजवळच्या एका गावात खोली घेतली. त्यांच्याबरोबर बाजारात काम केलेल्या हरेशनं ती बघून दिली होती. घरमालकीण काशीबाय, आगरी म्हातारी. तिची शेती कधीच गोदामांखाली गेली होती आणि पोरगा कंटेनरच्या यार्डात कामाला होता. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, "एकलाच हाव? पोरंबालं नाय का?"

"आहेत," आबा म्हणाले. "लांब आहेत."

सुनयना त्यांना भेटायला आली तेव्हा पाऊस संपून ऊन तापायला लागलं होतं. रणजीतला तिनं बहिणीकडे जाते असं सांगितलं होतं. आबा उंबऱ्यात बसून लसूण सोलत होते. ती समोर बसली आणि तिनंही एक गड्डी घेतली.

"आबा, का केलंत?"

आबांनी सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकल्या. "तो मला घराबाहेर काढू शकतो. मी म्हातारा, कुठंही पडून राहीन. तुला काढलं असतं तर तू जगली नसतीस. तेवढं मला त्या बाकावर दिसलं."

"आता मी जगतेय होय?" ती म्हणाली. "लोक मला जवळ घेतात, मला बिचारी म्हणतात. माझ्या आईनं तुम्हाला शिव्या दिल्या आणि मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकल्या. मला नीट रडतासुद्धा येत नाही, आबा. रडायला लागले की वाटतं, हेही मी चोरतेय."

"होईल सवय."

"मी ह्यांना सगळं सांगणार आहे."

"पोरी, नको." आबांचा आवाज पहिल्यांदा चढला. "माझं जायचं ते गेलं. आता तू सांगून त्याचं काय उरणार? बायको पण नाही उरायची."

ती उठून गेली. बहिणीचं नाव सांगून आलेली असल्यामुळे तिनं जाताना उरणच्या बाजारातून बहिणीनं दिली असं सांगायला सुकट घेतली. आणि बसमध्ये ती पिशवी मांडीवर घेऊन ती रडली, कारण आता आणखी एक खोटं झालं होतं.

त्याच रविवारी जेवताना तिनं सांगितलं. सगळं सांगितलं. किल्ली, ऊन, फोटो, मंजुषाची सही. पुरावा म्हणून मोबाइलमधले चार फोटो दाखवले. फोटोवर तारीख होती, वेळ होती.

रणजीत फोटोकडे बघत राहिला. मग त्यानं मोबाइल उलटा करून ताटाशेजारी ठेवला.

"आधी काढले असतील. आबा खाली जायच्या आधी."

"अहो, वेळ बघा ना."

"वेळ कळते मला." त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "तू त्यांच्याकडे गेली होतीस. सुकट उरणची होती, पिशवीवर नाव होतं, मला कळलं नाही का? त्यांनी शिकवलं तुला हे."

"त्यांनी मला नको म्हटलं सांगायला."

त्यानं ताट बाजूला सारलं. त्यानंतर आठवडाभर तो तिच्याशी बोलला नाही, पण तिला कधीकधी जाणवायचं, की ती पाठमोरी असताना तो तिच्याकडे बघतोय. त्या बघण्यात राग नव्हता. भीती होती. तिला वाटलं, त्याला पटतंय. एकदा पटलं की मग तो मारेल, काढून टाकेल, नाहीतर मिठी मारून रडेल. काय वाट्टेल ते करील, पण ते तिच्याशी करील. त्या आठवड्यात कितीतरी दिवसांनी ती पोटभर झोपली.

पुढच्या सुट्टीला रणजीत कोणाला न सांगता उरणला गेला. काशीबायनं पुढं सुनयनेला सांगितलं ते असं: "तुजा नवरा आलता. पानी दिला तर पानी बी नाय प्याला. उभ्या उभ्या इचारलान, आबा, नानी कोनी काढलेली? खरा सांगा. पोराचे हात कसे कापत होते, बाय."

आबांनी मुलाच्या हातांकडे पाहिलं. मग वर तोंडाकडे पाहिलं.

"मी," ते म्हणाले. "एकदा सांगितलं ना. मीच काढली होती."

"सुनयना म्हणते तिनं काढली."

"ती मला वाचवायला बघतेय. चांगली आहे पोर. तिला सांभाळ."

रणजीत मटकन खाली बसला. काशीबायला वाटलं, त्याला घेरी आली. पण तो मोठ्यानं श्वास घेत होता, ओझं उतरवलेल्या माणसासारखा. थोड्या वेळानं तो उठला आणि बापाच्या पाया न पडता निघून गेला.

घरी आल्यावर त्यानं सुनयनेच्या डोक्यावरून हात फिरवला. कितीतरी महिन्यांत त्यानं तिला हात लावला नव्हता.

"विचारून आलो. त्यांनीच काढली होती. त्यांनी तोंडानं सांगितलं. आता हा विषय आपल्या घरात परत नको."

दुसऱ्या दिवशी सुनयना उरणला गेली. ह्या वेळी कोणाचं नाव सांगितलं नाही. ती उंबऱ्याच्या आत आली नाही. आबा तिला बघून उठू लागले.

"बसा," ती म्हणाली. "परत का सांगितलंत?"

"त्याचे हात कापत होते गं. मी नाही म्हटलं असतं तर घरी येऊन त्यानं काय केलं असतं, मला माहीत नव्हतं."

"मलाही नव्हतं." ती शांत होती. "पण ते आमचं दोघांचं होतं, आबा. काय व्हायचं ते आमच्यात झालं असतं. तुम्ही दोन वेळा मध्ये येऊन उभे राहिलात. आता आमच्यात तुम्हीच राहिलात. ह्यांचं दुःख तुमच्याशी बोलतं, माझं पण तुमच्याशीच. आम्ही एकमेकांशी काय बोलायचं?"

"मला वाटलं," आबा म्हणाले, आणि थांबले.

काशीबाय चहा घेऊन बाहेर आली. सुनयनेनं कप हातात घेतला, दोन घोट प्यायली आणि कप उंबऱ्यावर ठेवला. मग वाकून तिनं सासऱ्यांच्या पायाला हात लावला आणि रस्त्याकडे चालायला लागली. ती परत कधी उरणला आली नाही.

आबा त्यानंतर दोन वर्षं जगले. अग्नी द्यायला रणजीत गेला. सुनयना त्याच्या मागे उभी होती. परतताना गाडीत रणजीतची चुलती म्हणाली, "शेवटी बापच होता. आता तुम्ही दोघं पुढचं बघा, घरात पाळणा हलू दे." रणजीतनं आरशातून मागे बायकोकडे पाहिलं. तिनं खिडकीची काच खाली घेतली आणि म्हणाली, "गरम होतंय." त्यानं एसी वाढवला.