जीपमधल्या जागेचं वाण

"हळदीकुंकू? तू घालणार?" धुरपताबाईंनी तिळाचं सूप खाली ठेवलं. "आरं व्यंकट, बापय हैस तू. त्यात बायको जाऊन वरीस झालं न्हाय."

"म्हून तर तिच्या नावानं घालायचंय, काकू. दरसाल घालायची की ती."

"ती घालायची. तू काय बायांस्नी कुंकू लावत बसणार हैस?"

"म्या कशाला? घरात सून न्हाय का?" व्यंकटनं पत्र्याकडं तोंड करून आवाज चढवला. "धनाजीच्या घरात सांगा, शुक्रवारी कुंकू लावायला उभं ऱ्हायचंय म्हणावं."

पत्र्यापलीकडं भांडी घासायचा आवाज थांबला. व्यंकट आणि त्याचा धाकटा भाऊ धनाजी यांची घरं एकाच अंगणात, मधे नुसता पत्रा. चुलती धुरपताबाई दोन्हीकडं जेवायची. धनाजीची बायको वर्षाराणी थोरल्या दिराशी बोलत नसे. रिवाजच तसा. तिला काही सांगायचं झालं आणि काकू जवळ नसल्या, तर व्यंकट म्हशीला सांगायचा. तीही म्हशीलाच उत्तर द्यायची. म्हशीला दोन्ही घरांची सगळी खबर असे.

हळदीकुंकवाचं खरं कारण त्यानं काकूंनाही सांगितलं नव्हतं.

व्यंकटची काळीपिवळी जीप गाव ते लोहारा अशी चालायची. संक्रांतीच्या आधी एका सकाळी तो जीप पुसत होता. पुढच्या सीटवर त्याच्या बायकोची, दैवशालाची, घडी केलेली वाकळ होती. बाजारच्या दिवशी ती तिथं बसायची आणि रस्त्यातला एकेक खड्डा बोटानं दाखवायची. "खड्डा! आवो, खड्डा!" वीस वर्षं जीप चालवणाऱ्या माणसाला. ती गेल्यापासून त्या सीटवर तो कुणाला बसू देत नव्हता.

तेवढ्यात पत्र्याआडून वर्षाराणीचा दबका आवाज आला. पाळी होऊन गेली तरी अंगावरून जातंय, कंबर धरतीय, काय करू, असं ती विचारत होती.

"बाईच्या जातीला आसतंच माय," काकू म्हणाल्या. "मेथीचं लाडू खा."

व्यंकटच्या हातातलं फडकं तिथंच राहिलं. हेच बोलणं, हेच लाडू. दैवशालानं दोन हिवाळे लाडू खाल्ले होते. मग गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर निघाला, तोवर तो पोटभर पसरला होता.

आता थोरल्या दिरानं भावजयीला हे विचारायचं कसं? असली गोष्ट म्हशीलाही सांगता येईना. धनाजीला म्हणावं, तर तो "बायकांचं हाय ते" म्हणून उठून जाणारा. शेवटी व्यंकट उपकेंद्रात श्रावस्ती सिस्टरांकडं गेला आणि चपला काढून दारातच उभा राहिला.

"काय त्रास होतोय, व्यंकटभाऊ?"

"मला न्हाय. बायांना."

"कुठल्या बायांना?"

"समद्या."

सिस्टर हसल्या, पण त्याचं तोंड बघून त्यांनी खुर्ची पुढं केली. सगळं ऐकून म्हणाल्या, "मंगळवारी लोहाऱ्याला दवाखान्यात तपासणी असते. मी घरोघर जाऊन सांगते. सगळ्या मान हलवतात आणि एक येत नाही. कुणाला गाडी मिळत नाही, कुणाला सासू सोडत नाही."

"गाडी माझी," व्यंकट म्हणाला. "सासवांचं बगू."

इकडं गावानं आपल्या परीनं अर्थ लावला. बायको गेलेला बापय हळदीकुंकू घालतोय, म्हणजे त्यानं दुसरी आणलीय आणि तीच दाखवायला बोलावलंय, असं समोरच्या रुद्रम्मानं सांगितलं. गुरुवारपर्यंत ही नवी भूमकडची झाली, शाळेत शिपाई लागली, आणि तिचा पुढचा एक दात सोन्याचा निघाला. जीपमध्ये लोक व्यंकटकडं बघून उगाच हसत होते. त्याला वाटलं, शर्ट उलटा घातलाय.

शुक्रवारी अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. दैवशालाच्या हळदीकुंकवाला कधी एवढ्या बाया आल्या नव्हत्या. ज्यांना कुंकू नव्हतं, त्यांनाही व्यंकटनं आवर्जून बोलावलं होतं. वर्षाराणी जरीची साडी नेसून, डोक्यावरचा पदर सांभाळत कुंकू लावत होती. बाया मात्र तिच्या खांद्यावरून घरात डोकावत होत्या.

"अय्यो, दाखव की बाबा आता," रुद्रम्मा म्हणाली. "किती ताटकळत ठिवतूस?"

"काय दाखवू?"

"नवी!"

व्यंकटला काही उमगेना. तेवढ्यात श्रावस्ती सिस्टर अंगणात आल्या. "ह्या बगा, आल्याच," तो म्हणाला.

"सिस्टर?" कुणीतरी पुटपुटलं. एकीनं वाकून सिस्टरांचे दात बघितले.

"माझं लग्न झालंय, बायांनो," सिस्टर म्हणाल्या. "नवरा मास्तर आहे, दोन लेकरं आहेत. बसा खाली."

मग जे हसू उसळलं ते आवरेना. व्यंकटचे कान लाल झाले. हसणं ओसरेपर्यंत तो थांबला आणि खाली बघत म्हणाला, "दैवशाला दरसाल तुमाला वाट्या द्यायची. औंदा वाण म्हून माझ्या जीपमधली जागा हाय. मंगळवारी लोहाऱ्याला जायची-यायची. तपासून घ्या. ती गेली ते तुमाला म्हाईत हाय. फुडल्या साली वाट्या घ्यायला समद्या इथं पायजेत."

एवढं बोलून तो जीपच्या आड गेला. पुढचं बायकांचं होतं.

सिस्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. पिशवीच्या तोंडाला औषध लावून बघतात, थोडा वेळ लागतो. डाग दिसला आणि साधा असला, तर शेक देऊन तो जाळतात आणि त्याच दिवशी घरी सोडतात. पाळी नसताना लाल दिसलं, घाण वास आला, तर असतंच म्हणून सोडायचं नाही. कुंकू असो नसो, सगळ्यांनी यायचं. पिशवी कुंकू बघून दुखत नाही.

"माझी तर कवाच काढली," रुद्रम्मा म्हणाली. "पोटात दुखतंय म्हणलं, की दिली काढून."

"म्हणून तर आधी तपासायचं. काढायचं नंतर बघू. तुम्ही पण या, छाती तपासू."

"माझ्या छातीत काय न्हाय, सिस्टर. समदं तोंडात हाय."

पुन्हा हशा पिकला. पण "मग कोण कोण येणार?" असं सिस्टरांनी विचारलं, तशी जी ती पदर नीट करू लागली. मागून एक म्हातारी म्हणाली, "ज्येंच्या घरचं वाण, त्येंच्या सुनेचं नाव आदी धरा की."

सगळ्यांचे डोळे वर्षाराणीकडं वळले. तिच्या हातात कुंकवाचा करंडा तसाच होता. जीपच्या आडून व्यंकट ऐकत होता. आता ही नाही म्हणाली, तर सगळं अंगण नाही म्हणणार, आणि हीच राहून जाणार.

धुरपताबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. लाडवांचं त्यांनाही आठवलं असावं. "माझं बी नाव धरा," त्या म्हणाल्या. "पोरगी येकली कशाला जाईल?"

वर्षाराणीनं करंडा खाली ठेवला. गोठ्याकडं तोंड करून ती चांगली मोठ्यानं म्हणाली, "म्हशीला सांगा काकू, मंगळवारी धार लवकर काढायची हाय म्हणावं."

मंगळवारी जीप गच्च भरली. कुणी कुणाच्या मांडीवर बसलं होतं, पण पुढच्या सीटवरची वाकळ कुणी हलवली नाही. दवाखान्यासमोरच्या लिंबाखाली व्यंकट चहामागून चहा पीत राहिला. बाया एकेक करून बाहेर येत होत्या, आत उगाच भ्यालो म्हणून एकमेकींना टपल्या मारत होत्या. सगळ्यात शेवटी काकूंचा हात धरून वर्षाराणी आली. जीपजवळ आल्यावर ती काकूंना म्हणाली, तेही व्यंकटला ऐकू जाईल असं, "बारीक डाग हुता, काकू. शेक दिला. लवकर आलाव ते बरं झालं म्हणल्या डॉक्टरबाई. फुडं परत दाखवायचंय."

व्यंकट बराच वेळ पुढची काच पुसत राहिला. काच स्वच्छच होती. मग वर्षाराणीच्या ओटीपोटावरच्या हाताकडं त्याचं लक्ष गेलं. त्यानं वाकळेची आणखी एक घडी घातली, सीटवर नीट बसवली आणि जीपच्या बॉनेटला सांगितलं, "फुडं बसावं म्हणावं. मागं लई आदळतंय."

वर्षाराणी पुढं बसली. मागं रुद्रम्मानं सोन्याच्या दातावरून पुन्हा सुरू केलं होतं आणि जीपभर हसू चाललं होतं. लोहारा मागं पडलं. डांबर संपलं.

"खड्डा, भाऊजी," शेजारून आवाज आला.

"व्हय," व्यंकट म्हणाला आणि त्यानं गाडी कडेनं घेतली.

पुढचा खड्डाही त्याला लांबूनच दिसला होता. तरी तो तिनं सांगायची वाट बघत राहिला.